अफूची पेटी आणि स्वच्छ कागद

३ जून १८३९. दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाजवळ हूमेन नावाचे ठिकाण आहे. तेथे खणलेल्या मोठमोठ्या चरांत मजूर अफूचे गोळे फोडून टाकत होते. चरांत पाणी आणि मीठ होते, वरून चुना ओतला जाई. चुना खदखदू लागला की अफू विरघळे आणि तो काळा राब ओहोटीबरोबर समुद्रात सोडून दिला जाई. हे काम जवळजवळ तीन आठवडे चालले. ते सुरू करण्यापूर्वी बादशाही आयुक्त लिन झशू याने समुद्रदेवतेची प्रार्थना केली होती. पाण्यात विष मिसळणार आहे, तरी जलचरांनी काही काळ दूर जावे, असे त्याने देवतेला विनवले होते.

नष्ट झालेल्या पेट्यांची संख्या २०,००० च्या वर होती. एका पेटीत साठ किलोंहून अधिक अफू असे, म्हणजे एकूण माल हजार टनांच्याही पुढे गेला.

पहिल्या अफू युद्धाची कथा बहुतेक पुस्तकांत याच चरांपासून सुरू होते. पण ही अफू कोणाची होती, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो. ती ज्यांच्या ताब्यातून घेतली गेली ते कँटनमधील (आजचे ग्वांगझू) परदेशी व्यापारी होते, त्यांत बहुसंख्य इंग्रज. मात्र त्यांतील पुष्कळ माल त्यांच्याकडे केवळ दलालीवर विकण्यासाठी आला होता. त्याचे मालक हजारो मैल दूर, मुंबईच्या कोटात आपापल्या पेढ्यांवर बसलेले होते. आणि त्यांचा माल पिकला होता माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात.

हा थ्रेड त्या पेटीच्या प्रवासाचा आहे. एका देशात कायद्याने बंद असलेली वस्तू दुसऱ्या देशाच्या सरकारी शिक्क्यानिशी शंभर वर्षांहून अधिक काळ कशी विकली गेली, हे त्या प्रवासावरून कळते.

आधी कायद्याचे पाहू. चीनमध्ये योंगझेंग बादशहाने १७२९ मध्ये अफूच्या विक्रीवर आणि अफू ओढण्याच्या अड्ड्यांवर पहिला बंदीहुकूम काढला. अठराव्या शतकाच्या अखेरीस आयातीवरही बंदी आली आणि पुढे ती वारंवार जाहीर होत राहिली. म्हणजे एकोणिसाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर उतरलेली प्रत्येक पेटी तेथील कायद्यानुसार चोरटा माल होती. हे ईस्ट इंडिया कंपनीला ठाऊक नव्हते असे नाही. १७८२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कंपनीच्या नावावर दोन जहाजे भरून अफू चीनकडे धाडली. त्यांतील एक फ्रेंचांनी पकडले. दुसरे पोहोचले, पण व्यवहार तोट्यात गेला. लंडनच्या संचालकांना हे साहस मुळीच आवडले नाही. कंपनीसारख्या प्रतिष्ठित संस्थेने स्वतः चोरटा व्यापार करावा, हे त्यांना शोभादायक वाटले नाही.

त्यांची हरकत अफूला नव्हती, ती ‘स्वतः’ या शब्दाला होती, हे पुढच्या व्यवस्थेवरून स्पष्ट होते.

बंगाल प्रांतातील अफूचा मक्ता कंपनीने १७७३ मध्येच आपल्याकडे घेतला होता. पाटणा आणि गाझीपूर येथे तिच्या कचेऱ्या आणि कारखाने होते. रयतेला दादनी, म्हणजे आगाऊ रक्कम दिली जाई आणि पीक सरकारी दराने सरकारलाच घालावे लागे. अलीकडच्या अभ्यासांनुसार बिहारच्या शेतकऱ्याला हे पीक बहुधा परवडत नसे. बोंडांना चिरा पाडणे, रात्रभर पाझरलेला चीक पहाटे खरवडणे, तो कारखान्यात नेऊन घालणे यात सारे कुटुंब राबे आणि घेतलेली दादनी फिटता फिटत नसे. कारखान्यात त्या चिकाचे गोळे वळून त्यांवर खसखशीच्या पाकळ्यांचे वेष्टन चढवत. आंब्याच्या लाकडाच्या पेटीत दोन थर, एका थरात वीस, असे चाळीस गोळे मांडत आणि पेटीवर कंपनीचा शिक्का उमटे.

मग या पेट्यांचा कलकत्त्यात जाहीर लिलाव होई. हातोडा पडला की कंपनीचा संबंध संपला! माल विकत घेणारा तो कोठे नेतो, काय करतो, हे पाहणे कंपनीचे काम नव्हते. तिची स्वतःची जहाजे कँटनला चहा आणायला जात, पण त्यांवर अफू चढवण्यास सक्त मनाई होती. अफू नेत ती खासगी व्यापाऱ्यांची जहाजे. त्या जहाजांना पूर्वेकडे जाण्याचा परवाना मात्र कंपनीच देई, आणि मक्त्याबाहेरची अफू नेऊ नये अशी अटही घाली. एकाच हाताने ‘आम्हाला माहीत नाही’ आणि ‘आमचीच न्या’ असे लिहिण्याची ही पद्धत कंपनीच्या दप्तरात पुढे मुरलेली दिसते.

एवढा खटाटोप चहासाठी होता. ब्रिटनला चिनी चहाचे व्यसन लागले होते (हा शब्द येथे मुद्दाम वापरावासा वाटतो) आणि चहावरील करातून ब्रिटिश सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा येत असे. चीनला इंग्रजी मालाची फारशी गरज नव्हती, त्यामुळे चहाची किंमत रोख चांदीत मोजावी लागे. अफूने ही गाठ सोडवली. अफूचे विक्रेते चीनमध्ये मिळालेली चांदी कँटन येथील कंपनीच्या तिजोरीत भरत आणि त्या बदल्यात कलकत्त्यावर किंवा लंडनवर हुंडी घेत. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घेई. तिच्या खतावणीत अफू हा शब्दही न येता अफूचा पैसा चहात रूपांतरित होई.

चीनच्या किनाऱ्यावरचा व्यवहारही तितकाच नीटनेटका होता. १८२१ च्या सुमारास कँटनमधील अधिकाऱ्यांनी कडक धोरण स्वीकारल्यावर अफूची जहाजे नदीत शिरेनाशी झाली आणि मुखाजवळच्या लिंटिन बेटाच्या आडोशाला नांगर टाकू लागली. तेथे तोफांनी सज्ज अशी गोदाम-जहाजे कायमची उभी असत. चिनी दलाल कँटन शहरातील परदेशी पेढीवर जाई, चांदी मोजून देई आणि एक चिठ्ठी घेई. ती चिठ्ठी लिंटिनला दाखवली की माल मिळे. पेट्या तेथेच फोडून अफू चटयांच्या पिशव्यांत भरत आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या रांगा असलेल्या चपळ होड्या ती किनाऱ्याकडे नेत. लोक त्या होड्यांना ‘वेगवान खेकडे’ म्हणत. गस्तीवरच्या अधिकाऱ्यांचा हिस्सा बहुधा ठरलेला असे.

यात कोण कायदा मोडत होते? इंग्रज व्यापारी कँटनमध्ये बसून फक्त कागद विकत होता. त्याच्या वखारीत अफूचा तोळाही नसे. जहाजाचा कप्तान बंदरात शिरतच नव्हता. कंपनी तर कलकत्त्यातच हात झटकून मोकळी झाली होती. उरला तो होडी वल्हवणारा चिनी माणूस, आणि पकडला गेला तर मान त्याचीच जाई. तस्करी म्हटले की अंधार, मुखवटे आणि चोरवाटा डोळ्यांसमोर येतात. ही तस्करी दिवसाढवळ्या, विमा उतरवून, पावत्या फाडून चालली होती. कँटनमध्ये निघणाऱ्या इंग्रजी वृत्तपत्रांत अफूचे चालू भाव छापून येत. १८२९ मध्ये जलावतरण झालेल्या ‘रेड रोव्हर’ या जहाजाने तर प्रतिकूल मोसमी वाऱ्यांना न जुमानता चीन गाठून दाखवले आणि वर्षातून एकाऐवजी दोन-तीन खेपा करणारी वेगवान क्लिपर जहाजे या धंद्यात उतरली.

कार्ल ग्युत्सलाफ या जर्मन मिशनऱ्याचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्याला किनारपट्टीच्या चिनी बोली उत्तम येत. १८३२ मध्ये जार्डिन मॅथिसन पेढीच्या अफूच्या जहाजावर तो दुभाषा म्हणून गेला. जहाजाच्या एका बाजूने अफू उतरे आणि दुसऱ्या बाजूने हा धर्मपुस्तके वाटी. त्याच्या मनाला हे खुपले नसेल असे नाही, पण चीनच्या आत शिरण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता.

आता माळव्याकडे वळू, कारण येथे गोष्ट उलटी होते.

उज्जैन, मंदसौर, रतलाम, नीमच हा सारा पट्टा अफूच्या पिकाचा. पण तो संस्थानी मुलूख असल्यामुळे कंपनीचा मक्ता तेथे लागू नव्हता. सावकार शेतकऱ्याला उचल देत, चीक गोळा करत, तो आटू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवत आणि त्याच्या वड्या पाडत. उज्जैन-इंदुरात अफूच्या भावावर सट्टा चाले. ही अफू बंगालच्या मालापेक्षा स्वस्त होती आणि चीनमध्ये तिला गिऱ्हाईक वाढत होते. १८०३ पासून कंपनीने मुंबई बंदरातून तिची निर्यात बंद केली. कारण उघड होते: तिच्या मक्त्याला स्पर्धक नको होता.

त्यावर माळव्याच्या सावकारांनी आणि मुंबई-गुजरातच्या व्यापाऱ्यांनी जे केले, तेच कंपनीचे गिऱ्हाईक चीनमध्ये करत होते. त्यांनी आडवाट शोधली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण बंदर हाती होते आणि तेथून मकावला माल पाठवता येई. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, शिंदे-होळकर कंपनीच्या अंकित झाले आणि ब्रिटिश मुलखातून दमणकडे जाणाऱ्या वाटांवर चौक्या बसल्या. तेव्हा उंटांचे तांडे माळव्यातून राजपुताना, पाली, जैसलमेर असे वाळवंट ओलांडून सिंधमधील कराचीला जाऊ लागले. कराचीहून गलबतात चढवलेली अफू समुद्रमार्गे पुन्हा दमणला येई. नकाशा उघडून हा फेरा पाहण्यासारखा आहे. इंदूरहून दमण सरळ वाटेने चार-पाचशे किलोमीटर. कंपनीची नजर चुकवण्यासाठी त्याच्या कित्येक पट अंतर तोडले जात होते आणि तरीही नफा उरत होता.

कंपनीच्या कागदपत्रांत या व्यवहाराला एकच शब्द आहे: तस्करी. चीनच्या किनाऱ्यावर जे तिच्या लेखी ‘खासगी व्यापार’ होते, तेच खानदेशच्या घाटात गुन्हा ठरत होते. लेखणी कोणाच्या हाती आहे यावर शब्द ठरत होता.

कंपनीने बरेच उपाय केले. १८१९-२० पासून स्वतःच माळवी अफू विकत घेऊन पाहिली. मग संस्थानिकांशी करार करून पीक आणि वाहतूक आवळायचा प्रयत्न केला. होळकर आणि काही राजपूत संस्थानिकांनी सह्या केल्या. शिंदे सरकार मात्र बधले नाही. जेथे करार झाले तेथे रयत आणि सावकार दोघेही बिथरले. काही केल्या चोरवाटा बंद होईनात, तेव्हा कंपनीने १८३०-३१ मध्ये शहाणपणाचा मार्ग धरला. बंदी उठवली आणि पास सुरू केला. पेटीमागे १७५ रुपये भरा, पास घ्या आणि माल खुशाल मुंबईहून न्या. दर जास्त वाटून लोक दमणकडेच वळत राहिले, म्हणून १८३५ मध्ये तो १२५ वर आणला गेला. मुंबईचा रस्ता दमणपेक्षा स्वस्त पडू लागला आणि कालपर्यंतचे तस्कर पास मिळताच प्रतिष्ठित करदाते झाले.

पुढची आकडेवारी फार बोलकी आहे. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि कराचीची वाट कंपनीच्या हाती आली. त्याच वर्षी पासाचा दर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. पळवाट उरली नव्हती. सिंधवरील स्वारीमागे अफू हेच कारण होते, असे काही इतिहासकार मानतात, तर इतरांना अफगाण युद्धातील मानहानी आणि सरहद्दीचे राजकारण अधिक महत्त्वाचे वाटते. स्वारीचा हेतू काहीही असो, तिचा लाभ कोणत्या खात्यात जमा झाला हे दरपत्रक सांगते.

मुंबईचे नशीब या पासाबरोबर उघडले. तोवर चीनशी तिचा मोठा व्यापार गुजरातच्या कापसाचा होता, पण त्याची मागणी बेभरवशाची. १८३० च्या दशकात माळवी अफू बंगालच्या बरोबरीने, काही वर्षी तिच्याही पुढे गेली. या व्यापारात कोण नव्हते? पारशी होते, जैन आणि मारवाडी सावकार होते, कोकणी मुसलमान होते, गोवेकर ख्रिस्ती होते, पुढे बगदादी ज्यू आले. जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदारच पाहा: मोतीचंद अमीचंद आणि महंमद अली रोगे. दमणच्या अफू व्यापारात मोठे नाव असलेला रोजेरिओ द फारिया हा गोव्याचा. जातिधर्मांच्या भिंती इतक्या सहजपणे ओलांडणारा दुसरा उद्योग त्या काळच्या मुंबईत शोधूनही सापडणे कठीण.

जमशेटजींची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. १७८३ मध्ये जन्मलेला, लहान वयात आई-बाप गमावलेला हा मुलगा विशीच्या आतच चीनच्या सफरीवर गेला. १८०५ च्या सफरीत त्याचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. दोघे कैदी म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या टोकापर्यंत नेले गेले. हाच जार्डिन पुढे डॉक्टरकी सोडून व्यापारात शिरला आणि १८३२ मध्ये जार्डिन मॅथिसन पेढीचा संस्थापक झाला. मुंबईतून माल पाठवणारे जमशेटजी आणि कँटनमध्ये तो विकणारा जार्डिन, या जोडीवर दोन्ही घराण्यांची संपत्ती उभी राहिली.

आणि त्या संपत्तीतून मुंबईचे बरेच काही. भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय, माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता (त्यासाठी जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले), जे. जे. कला महाविद्यालय, पुण्याच्या पाणीपुरवठ्याला दिलेली देणगी. हे दान खरे होते. त्या रुग्णालयात बरे झालेले रोगी खरे होते, आणि खाडीत होड्या उलटून मरणारे लोक रस्ता झाल्यामुळे वाचले हेही खरे. अफूच्या पैशावरील दान म्हणून त्याला ढोंग ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही समजत नाही. जमशेटजींच्या दृष्टीने त्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. सरकारने पास दिला, त्यांनी कर भरला, माल बंदरातून राजरोस गेला. कायदा जेथे मोडला जात होता ती जागा चार हजार मैलांवर होती, आणि तेथे त्यांचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते.

त्या जागी काय चालले होते? १८२० पूर्वी चीनमध्ये वर्षाला साधारण चार-पाच हजार पेट्या जात. १८३८-३९ पर्यंत हा आकडा ४०,००० च्या घरात पोहोचला. सैनिक, कारकून, पालखीवाले, दरबारी, सगळ्या थरांत चिलीम शिरली. आता चांदी उलट दिशेने, चीनबाहेर वाहू लागली. चिनी शेतकरी कमाई तांब्याच्या नाण्यांत करी आणि सारा चांदीच्या हिशेबाने भरी. चांदी महागली तशी त्याने कधी अफूला हात न लावताही त्याचा सारा वाढला. १८३६ मध्ये शू नाइजी या अधिकाऱ्याने अफू कायदेशीर करून तिच्यावर कर बसवावा असे सुचवले. दोन वर्षांनी हुआंग जुएझी याने ओढणाऱ्यालाच देहदंड द्यावा अशी मागणी केली. बादशहाने कठोर मार्ग निवडला आणि लिन झशूला कँटनला पाठवले.

लिन मार्च १८३९ मध्ये पोहोचला. आठवडाभरात त्याने सारी अफू हवाली करण्याचा हुकूम काढला आणि परदेशी वखारींना वेढा दिला. त्याने ब्रिटनच्या राणीला उद्देशून एक पत्रही लिहिले. आपल्याच देशात घातक मानलेली वस्तू दुसऱ्याच्या देशात नफ्यासाठी धाडणे कोणत्या नीतीत बसते, असा त्याचा सवाल होता. हे पत्र राणीपर्यंत कधीच पोहोचले नाही. शिवाय त्यात एक चूक होती. ब्रिटनमध्ये अफू बंद आहे असे लिन समजत होता. प्रत्यक्षात ती तेथे औषधविक्याच्या दुकानात सहज मिळे, आणि तान्ह्या मुलांना गुंगवण्याच्या औषधांतही असे.

येथे ब्रिटिश सरकारचा कँटनमधील प्रतिनिधी चार्ल्स एलियट पुढे आला. त्याला वैयक्तिकरीत्या या व्यापाराची घृणा होती. २७ मार्च रोजी त्याने व्यापाऱ्यांना कळवले की आपली सगळी अफू ब्रिटिश सरकारच्या वतीने माझ्याकडे द्या, मी ती चिनी सरकारला देतो. किमतीची जबाबदारी सरकारची. असे वचन देण्याचा अधिकार त्याला लंडनने दिलेला नव्हता. व्यापाऱ्यांना मात्र आनंद झाला. बाजार कडक कारवाईने ठप्प होता, माल पडून होता, आणि आता सरकारच गिऱ्हाईक झाले होते. २०,२८३ पेट्यांची नोंद झाली. एकट्या जार्डिन मॅथिसनच्या सुमारे ७,०००. वाटेवर असलेला मालही काहींनी यादीत घातला. एका पत्राने चोरटा माल ब्रिटिश राजसत्तेची मालमत्ता बनला होता, आणि तो चरात ओतणारा लिन राजसत्तेचा अपराधी.

मुंबईत ही बातमी आली तेव्हा हाहाकार उडाला. माळव्याच्या सावकारांपासून कोटातल्या दलालांपर्यंत सगळ्यांची रक्कम अडकली. व्यापाऱ्यांचे अर्ज लंडनकडे रवाना झाले. त्यांचा युक्तिवाद वाचताना थबकायला होते, कारण तो खोडून काढणे अवघड आहे. हा माल आम्ही सरकारच्या लिलावात घेतला किंवा सरकारच्या पासावर नेला. सरकारने पेटीमागे पैसे घेतले. तो चीनला जाणार हे सरकार जाणत होते. मग आता नुकसान आमचे एकट्याचे कसे? एवढी वर्षे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून निर्दोष राहिला होता. भरपाई मागताना साखळीचे सगळे दुवे प्रथमच एका कागदावर मांडावे लागले.

ब्रिटिश संसदेत एप्रिल १८४० मध्ये चर्चा झाली. तरुण ग्लॅडस्टनने या युद्धाला अन्याय्य आणि देशाला काळिमा लावणारे म्हटले. मतदानात सरकार २७१ विरुद्ध २६२, अवघ्या नऊ मतांनी तरले. युद्ध झाले, मद्रास आणि बंगालकडचे हिंदी शिपाई त्यात लढले, आणि तापाने-हगवणीने लढाईपेक्षा जास्त मेले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर झाला. ती नौका मुंबईच्या गोदीत, वाडिया कारागिरांनी सागवानी लाकडात बांधलेली होती. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभॉय यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय.

तहात हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली, २ कोटी १० लाख डॉलरची खंडणी ठरली. त्यांतील ६० लाख नष्ट झालेल्या अफूची किंमत म्हणून. व्यापाऱ्यांच्या हाती आलेली रक्कम त्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी होती आणि ती मिळायलाही वर्षे गेली. मुंबईतील कित्येक लहान पेढ्या तोवर बुडाल्या होत्या. या तहात अफूचा व्यापार चालावा की थांबावा, याबद्दल मात्र एक शब्दही नाही. ज्या वस्तूवरून युद्ध पेटले ती फक्त भरपाईच्या कलमात दिसते. बंदी कागदावर तशीच राहिली आणि लिंटिनची गोदाम-जहाजे हाँगकाँगच्या सुरक्षित बंदरात हलली.

कायदेशीर शिक्का मिळायला दुसरे युद्ध लागले. १८५८ मध्ये शांघायच्या जकात करारात अफू इतर मालाप्रमाणे एक माल ठरली. पिकलमागे, म्हणजे सुमारे साठ किलोंमागे, ३० टेल चांदी जकात. त्यानंतर चीनमध्ये जाणाऱ्या पेट्या वाढतच गेल्या. १८७० च्या दशकापर्यंत सॅसून घराण्याने या व्यापारात जार्डिनलाही मागे टाकले. पुण्याचे ससून रुग्णालय याच घराण्याच्या देणगीतले. १८८० च्या सुमारास हिंदुस्थानातून वर्षाला लाखाच्या आसपास पेट्या बाहेर जात होत्या आणि हिंदुस्थान सरकारच्या महसुलाचा काही वर्षी सातवा भाग त्यातून येई. चीननेही हताश होऊन घरीच खसखस लावली, आणि शतकाच्या अखेरीस तेथील देशी अफू आयातीपेक्षा कितीतरी जास्त झाली.

हिंदुस्थानात याविरुद्ध आवाज उठले, पण उशिरा आणि थोडे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहरणाची मांडणी करताना अफूच्या महसुलावर कडक टीका केली: हिंदुस्थानातून ओढलेली संपत्ती भरून काढण्यासाठी चीनला विष पाजले जाते, असा त्यांचा रोख होता. पुण्यात पंडिता रमाबाईंसोबत काम केलेल्या सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये अफूविरोधी सभांत भाषणे केली. एका मराठी स्त्रीने त्या काळात तेथे जाऊन साम्राज्याच्या तिजोरीवर बोट ठेवावे, ही घटना आपल्याकडे जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. तिच्यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा. दुसरीकडे अनेक राष्ट्रवादी नेत्यांना वेगळीच धास्ती होती. अफूचा महसूल बुडाला तर ती तूट सरकार रयतेच्याच मानेवर टाकणार, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

१८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगाने शेकडो साक्षी घेतल्या. १८९५ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात अफूचे माफक सेवन फारसे घातक नाही आणि बंदीची गरज नाही. साक्षीदार निवडण्यात सरकारी अधिकाऱ्यांचा किती हात होता, यावर तेव्हाच टीका झाली. शेवटी १९०७ मध्ये करार झाला: चीन आपले पीक कमी करील, हिंदुस्थान दरवर्षी निर्यातीचा दहावा भाग घटवील. मुदत दहा वर्षांची होती, पण १९१३ मध्येच चीनकडे जाणारी निर्यात थांबली.

माळव्यात खसखशीची पांढरी फुले आजही दरवर्षी फुलतात. मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो, शेत मोजून दिले जाते, आणि चीक तोलून सरकारलाच घालावा लागतो. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यापासून औषधे बनतात. ठरलेल्यापेक्षा माल कमी भरला तर पुढच्या वर्षीचा परवाना जातो. काही चीक दरवर्षी तरीही आडवाटेने जातो, आणि पकडला जातो तो बहुधा मोटारसायकलवरचा माणूस.